दाढ राखताना

आपल्या दाढेला कीड लागली आहे आणि ती साफ करून भरून घेतली पाहिजे, एवढे दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाने एकदा मान्य केले, म्हणजे त्याचा पुढचा प्रश्न बहुधा ठरलेलाच असतो. चांदी भरणार, सिमेंट भरणार, की पांढरे भरणार, आणि यांतले चांगले कोणते? १९८०च्या दशकात राजारामपुरीत मी दवाखाना थाटला, तेव्हापासून आजतागायत हा प्रश्न मला गिरणीतल्या जॉबरने विचारला, विद्यापीठातल्या प्राध्यापकाने विचारला, शाहूपुरीतल्या गुळाच्या अडत्याने विचारला, तालमीतल्या पैलवानाने विचारला. आणि प्रत्येकाला त्याचे एका शब्दात उत्तर देण्याचे मी टाळत आलो. प्रश्न गैरवाजवी आहे म्हणून नव्हे. भरावयाचा पदार्थ डबीत असेतोवर चांगलाही नसतो आणि वाईटही नसतो. तो कोणत्या दाढेत, किती ओल असलेल्या तोंडात, किती शिल्लक उरलेल्या दातावर, आणि पुन्हा कधी दवाखान्याची पायरी चढू शकेल अशा कोणत्या माणसाच्या मुखात जावयाचा आहे, यावर त्याची योग्यता ठरते, अशी माझी या व्यवसायात पक्की धारणा झाली आहे. ती कशी होत गेली, त्याची ही हकीकत.

राजारामपुरी ही कोल्हापुरातली आखून वसवलेली पेठ. छत्रपती राजाराम महाराजांचे नाव धारण करणारी आणि पहिली, दुसरी, तिसरी अशा अनुक्रमांकांनीच ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्यांची ही वस्ती एका अंगाने शाहू मिल आणि उद्यमनगर यांना, तर दुसऱ्या अंगाने शिवाजी विद्यापीठाच्या वाटेला लागून असल्यामुळे, आणि जनता बाजाराच्या आसपास डॉक्टरांच्या पाट्यांची दाटी असल्यामुळे, येथे येणाऱ्या रोग्यांत समाजाचे सगळेच थर आढळतात. सकाळच्या एस.टी.ने करवीर, कागल, हातकणंगले या तालुक्यांतली माणसे येतात आणि दुपारची गाडी गाठावयाची म्हणून घाईत असतात. सायंकाळी नोकरदार येतात आणि त्यांना वेळ असतो. एकाच आकाराची पोकळी सकाळी एका पदार्थाने आणि सायंकाळी दुसऱ्या पदार्थाने भरण्याचा प्रसंग मला वारंवार आला आहे, आणि त्या दोन्ही निर्णयांमागे सारखाच विचार होता.

दाताचे बाह्य कवच, ज्याला पाठ्यपुस्तकांत दंतवल्क म्हणतात, हे मानवी देहातील सर्वांत कठीण द्रव्य होय. तथापि तोंडातल्या जंतूंनी साखरेपासून निर्माण केलेल्या आम्लापुढे, ते वारंवार आणि दीर्घकाळ होत राहिले तर, त्याचा टिकाव लागत नाही. आमच्या भागात ऊस दातांनी सोलून खाण्याची, गुऱ्हाळावर गरम काकवी चाखण्याची आणि दिवसातून अनेकदा गोड चहा घेण्याची चाल आहे. गोड किती खाल्ले यापेक्षा ते कितीदा खाल्ले याला येथे अधिक महत्त्व आहे, हे मी प्रत्येक आईला सांगत आलो. कवचाच्या आतले दंतिन मऊ असल्यामुळे कीड तेथे पोचली की आडवी पसरते. वरून टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसावा आणि आत हरभरा मावेल एवढे विवर निघावे, ही नित्याची गोष्ट आहे. काय भरावे हा विचार त्या विवराचा खरा विस्तार डोळ्यांना दिसल्याखेरीज करताच येत नाही, आणि म्हणून खुर्चीत बसण्यापूर्वीच पदार्थाचे नाव आणि भाव ठरवून मागणाऱ्याला मी थोडे थांबावयास सांगतो.

आमच्या विद्यार्थिदशेत चांदीचे राज्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागोच्या ग्रीन वर्दिमन ब्लॅक यांनी चांदी, कथील आणि तांबे यांच्या मिश्रधातूचे प्रमाण प्रयोगांनी निश्चित केले, १९०८ साली आपला दंतशस्त्रक्रियेवरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पोकळी कशी कोरावी याचे जे नियम घालून दिले ते आम्हांला फर्मानासारखे पाठ करावे लागत. खलात मिश्रधातूची भुकटी आणि पारा एकत्र घोटावयाचा, तयार झालेला लगदा कापडात पिळून जादा पारा काढून टाकावयाचा, मग थोडा थोडा पोकळीत ठासून, कोरून, चावण्याच्या खाचा उमटवावयाच्या, आणि चोवीस तास त्या बाजूने चावू नये अशी ताकीद देऊन रोग्याला घरी पाठवावयाचे, हा तेव्हाचा शिरस्ता. पुढे मोजून भरलेल्या कुप्या आणि त्या हलवून देणारे यंत्र आले आणि पारा हाताळणे पुष्कळच कमी झाले.

चांदीचा एक मोठा गुण असा, की ती ओलीला फारशी जुमानत नाही. लाळ सतत पाझरणाऱ्या, जीभ आवरत नसलेल्या, तोंड पुरते उघडत नसलेल्या माणसाच्या खालच्या शेवटच्या दाढेतही ती निभावून नेते. आणि कालांतराने तिच्या कडेला जे क्षरण होते, त्यातून उत्पन्न होणाऱ्या द्रव्यांनी दात आणि धातू यांमधली सूक्ष्म फट आपोआप बुजत जाते. दोष असा, की ती दाताला चिकटत नाही. ती अडकून राहावी लागते, आणि अडकून राहावी म्हणून पोकळी तोंडाशी अरुंद व तळाशी रुंद करावी लागते; शिवाय तिला भंगू न देण्याइतकी जाडी मिळावी म्हणून दोन मिलिमीटरांच्या आसपास खोली द्यावी लागते. यासाठी कीड नसलेला, निरोगी असा दाताचा भाग बळी द्यावा लागे. पुढे कीड लागू नये म्हणून शेजारच्या निर्दोष खाचाही कोरून पोकळीत सामील कराव्यात, असा ब्लॅक यांचा दंडक होता, आणि त्यांच्या काळच्या साधनांचा विचार करता तो अविचार नव्हता.

उद्यमनगरात ओतकामासाठी लाकडी साचे बनवणारे एक वयस्क कारागीर माझ्याकडे येत. त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागली नाही. हाती आरसा देऊन त्यांची कोरलेली दाढ मी दाखवली, तेव्हा ती निरखून ते म्हणाले, "डॉक्टर, आमचं उलटं असतंय बघा. पॅटर्न वाळूतनं निघाय पायजे म्हणून आम्ही त्याला बाहेरच्या बाजूला उतार देतो. तुम्ही निघू नये म्हणून आतल्या बाजूला दिलाय." मग थोडा विचार करून त्यांनी विचारले, "पण मग भिंत पातळ झाली की वो? दाब आला तर ती फुटायची." चांदीविषयीचा सर्वांत गंभीर आक्षेप त्यांनी अशा रीतीने स्वतःच मांडला. मोठ्या चांदीच्या भरावाभोवती उरलेली दाढेची पातळ भिंत बऱ्याच वर्षांनी एखाद्या दिवशी हाड किंवा चिक्कीचा खडा चावताना उभी चिरते, आणि ती चीर मुळापर्यंत गेली तर दाढ काढण्यावाचून गत्यंतर राहत नाही. भराव शाबूत आणि दाढ दुभंगलेली, असे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. त्यानंतर मी पोकळीकडे, तिच्यात काय मावेल या दृष्टीने पाहण्यापूर्वी, तिच्याभोवती काय उरले आहे या दृष्टीने पाहू लागलो. आणि माझ्या निवडीचा पाया तेथे पडला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

चांदीविषयी दुसरी तक्रार पाऱ्याची. हुपरी हे चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव हातकणंगले तालुक्यात असल्यामुळे तेथील कारागीर माझ्याकडे पूर्वीपासून येतात, आणि धातूच्या बाबतीत त्यांची मोघम उत्तरांनी बोळवण करता येत नाही. त्यांपैकी एकाने सरळच विचारले, "ह्यात चांदी किती आणि पारा किती, ते आधी सांगा. मग भरा." मी तपशील सांगितला. जुन्या पद्धतीच्या भुकटीत सुमारे दोनतृतीयांश चांदी असे; पण भरावात वजनाने जवळजवळ निम्मा पारा असल्यामुळे तयार भरावात चांदी एकतृतीयांशच उरते, आणि १९६० नंतर निघालेल्या, तांब्याचे प्रमाण वाढवलेल्या, अधिक टिकाऊ प्रकारांत त्याहूनही कमी. पाऱ्याच्या साह्याने मुलामा देण्याचे काम त्यांच्या वाडवडिलांच्या ऐकिवात होते. तापवल्यावर पारा उडून जातो आणि त्याची वाफ माणसाला बाधते, हे त्यांना ठाऊक होते. तोंडातला पारा उडत नाही काय, हा त्यांचा पुढचा प्रश्न म्हणून अत्यंत रास्त होता.

त्याचे प्रामाणिक उत्तर असे, की भराव घट्ट झाल्यावर पारा इतर धातूंशी संयुक्त होऊन बांधला जातो, तरी चावताना अत्यल्प वाफ सुटते. सर्वसाधारण निरोगी माणसाला तिच्यापासून अपाय होतो असे सिद्ध झालेले नाही. तथापि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली गर्भवती, गर्भधारणेच्या विचारात असलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, सहा वर्षांखालील मुले, आणि मज्जासंस्थेचे वा मूत्रपिंडाचे विकार असलेले रोगी यांच्यासाठी, शक्य असेल तेथे, चांदी टाळावी अशी शिफारस केली आहे आणि मी ती पाळतो. खरी काळजी मला वाटते ती खुर्चीपासून नळीवाटे बाहेर जाणाऱ्या कचऱ्याची. जपानच्या मिनामाता उपसागरात कारखान्याच्या सांडपाण्यातून गेलेला पारा माशांत आणि माशांतून माणसांत शिरून जो भीषण आजार उद्भवला, त्याची अधिकृत नोंद १९५६ची आहे. मिनामाताच्या नावाने झालेला पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ साली अमलात आला आणि भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली. कारखान्याच्या मानाने दवाखान्यातून जाणारा पारा अगदीच थोडा, हे खरे. पण आमची पंचगंगा आधीच पुष्कळ सोसते आहे, आणि तिच्यात आपल्या हातून एक कणही जाऊ नये असे मला मनापासून वाटते. म्हणून उरलेली चांदी घट्ट झाकणाच्या बरणीत द्रवाखाली ठेवणे आणि थुंकीपात्राच्या जाळीत अडकलेला चुरा वेगळा काढणे हे काम, इतर सर्व कामे मदतनिसांवर सोपवली तरी, मी स्वतःच्या देखरेखीखाली करवून घेत आलो. युरोपीय संघाने २०२५च्या आरंभापासून चांदीचा वापर जवळजवळ बंद केला आहे, आणि त्याच वर्षी जिनिव्हात भरलेल्या परिषदेत करारातील सर्व देशांसाठी २०३४ ही अखेरची मुदत ठरली.

तेव्हा पांढऱ्याकडे वळणे क्रमप्राप्त होते. या पदार्थाचा जन्म दोन टप्प्यांत झाला. १९५५ साली रॉचेस्टरच्या मायकेल ब्युनोकोर यांनी, धातूच्या पृष्ठभागावर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत आम्लाचा वापर करतात हे ध्यानी घेऊन, दातावर फॉस्फरिक आम्ल लावून पाहिले आणि त्यामुळे दंतवल्कावर जे सूक्ष्म खळगे पडतात त्यांत राळेसारखा पदार्थ घट्ट धरून बसतो असे दाखवले. पुढे राफेल बोवेन यांनी काचेच्या कणांना सामावणारी टिकाऊ राळ सिद्ध केली आणि तिला आपण आज कंपोझिट म्हणतो. त्यानंतर निळ्या प्रकाशाने क्षणात कठीण होणारे प्रकार निघाले. समोरच्या दातांसाठी या पदार्थाला तोड नाही; तेथे वादच नाही, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही. दाढेच्या बाबतीत त्याचा मोठा गुण म्हणजे तो चिकटतो आणि म्हणून निरोगी भाग कापावा लागत नाही. कीड जेवढी, पोकळी तेवढीच. साचेवाल्या कारागिरांच्या आक्षेपाला हेच उत्तर होते.

परंतु हे उत्तर सशर्त आहे. आम्ल लावून, धुऊन, सुकवून, चिकटद्रव्य लावल्यापासून तो पदार्थ कठीण होईपर्यंत तेथे लाळेचा, रक्ताचा अथवा श्वासातल्या ओलीचा स्पर्श झाला, तर तो चिकटणे व्यर्थ होते. आणि हे व्यर्थ झाल्याचे त्या दिवशी कोणालाच दिसत नाही, दोन वर्षांनी कडेखाली पुन्हा लागलेली कीड ते सांगते. शिवाय कठीण होताना तो आकारमानाने शेकडा दोनतीन आकसतो. तो ओढ घेऊन भिंतीपासून सुटू नये म्हणून दोन दोन मिलिमीटरांचे थर तिरके रचून प्रत्येकावर प्रकाश धरावा लागतो, आणि खोलवर असलेल्या दोन दाढांमधल्या कोपऱ्यात हे करताना अर्धा पाऊण तास कसा जातो ते कळत नाही. राज्यात भारनियमनाचा कहर होता त्या वर्षांत, तीन थर झाले आणि चौथ्याच्या वेळी वीज गेली, असे प्रसंग सर्वच दंतवैद्यांवर आले. बॅटरीवर चालणारे दिवे त्यानंतर रूढ झाले. २०१४ साली, वैद्यकीय संशोधनांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रन या संस्थेच्या आढाव्यात दाढांमधील कंपोझिट भराव निकामी होण्याचा धोका चांदीच्या मानाने जवळजवळ दुप्पट आढळला, ते वाचून अनेकांना आश्चर्य वाटले. मला वाटले नाही. तो दोष सर्वस्वी पदार्थाचा नसून, ज्या तोंडात तो घालावयास नको होता तेथे तो घातला गेला यात त्याचा मोठा हिस्सा आहे, असे माझे मत आहे. दातावर रबरी पडदा चढवून लाळ बाहेर ठेवण्याची युक्ती सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ साली काढली. जेथे तो पडदा चढतो आणि हिरडी रक्त देत नाही, तेथे पांढरे भरताना माझे मन निःशंक असते, आणि जेथे हे होत नाही तेथे रोग्याने कितीही आग्रह केला तरी मी त्याला आधी हिरडी बरी करून यावयास सांगतो.

लोक ज्याला नुसते सिमेंट म्हणतात, त्याच्याविषयी सर्वसाधारण समज असा, की ते स्वस्त आणि तात्पुरते. हा समज अन्यायाचा आहे. लंडनच्या सरकारी रसायनशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी शोधलेले, १९७२ साली प्रसिद्धीस आलेले ग्लास आयोनोमर हे सिमेंट दातातल्या कॅल्शियमशी रासायनिक रीतीने बांधले जाते, फ्लोराइड सोडत राहते, आणि त्याला घट्ट होण्यासाठी दिव्याची गरज लागत नाही. ते चांदीइतके कणखर नाही. चावण्याचा दाब सतत सोसावा लागणाऱ्या रुंद पोकळीत ते झिजते आणि फुटते, आणि पहिल्या काही मिनिटांत पाण्यापासून त्याला जपावे लागते. पण आमच्या भागात मिश्री लावणाऱ्या वयस्क बायांची संख्या पूर्वी फार मोठी होती, आजही अगदी नाहीशी झालेली नाही. तंबाखू भाजून केलेली ती भुकटी बोटाने वर्षानुवर्षे आडवी घासल्यामुळे हिरड्या मागे सरतात आणि दाताच्या मानेपाशी, जेथे दंतवल्क नसतेच, तेथे खाचा पडतात. चांदीला अडकून बसावयास तेथे जागा नाही, पांढऱ्याला कोरडेपणा नाही. तेथे सिमेंटच शोभते, आणि टिकतेही. मिश्री सोडण्याचा आग्रह मी करतोच; त्यापायी भरणे अडवून धरत नाही.

सिमेंटची खरी योग्यता २०१९च्या ऑगस्टमध्ये दिसून आली. पंचगंगेचे पाणी शहरात शिरले, शिरोलीपाशी महामार्ग बंद पडला, पंपघरे पाण्याखाली गेल्यामुळे, जेथे पूर आला नव्हता तेथेही नळाला पाणी नव्हते. राजारामपुरी उंचावर असल्यामुळे वाचली, पण पूरग्रस्तांसाठी उघडलेल्या निवाऱ्यांतून ठणकणाऱ्या दाढा घेऊन माणसे येऊ लागली. पाण्याचे फवारे लागणारे यंत्र चालवणे शक्य नव्हते. अशा वेळी यो फ्रेंकेन या डच दंतवैद्यांनी १९८०च्या दशकात टांझानियात, जेथे वीज आणि यंत्रे नव्हती तेथे, योजलेली पद्धत उपयोगी आली. केवळ हाताच्या खुरपणीसारख्या बारीक हत्यारांनी मऊ झालेली कीड खरवडून काढावयाची, आणि सिमेंट कालवून बोटाने दाबून भरावयाचे. सुई नाही, घरघर नाही. त्यांतले कित्येक भराव मी मागाहून तपासले, आणि एकपृष्ठी लहान पोकळ्यांतले बहुतेक बदलण्याची जरूर भासली नाही.

तथापि निवडीचा विचार मला सर्वाधिक करावयास लावला तो एका ऊसतोड करणाऱ्या बाईने. बीडकडच्या टोळीतली ही तरुण बाई कारखान्याचा हंगाम ऐन भरात असताना, मुकादमाची कशीबशी परवानगी काढून, नवऱ्यासोबत आली होती. खालची पहिली दाढ. शेजारच्या दाढेकडची भिंत कोसळलेली, कीड खोल, पण रात्री आपोआप ठणकत नव्हती, गार पाण्याने झणक येऊन लगेच थांबत होती, म्हणजे आतली मज्जा अजून जिवंत व सावरण्याजोगी होती. दोन पृष्ठांचा असा मोठा भराव, पुरेशा भिंती उरलेल्या, हिरडी सुजून रक्ताळलेली: पुस्तकाबरहुकूम हे प्रकरण चांदीचे. पण ती पाच महिन्यांची गर्भवती होती. पांढऱ्यासाठी हिरडी आधी बरी व्हावयास हवी, आणि पुन्हा केव्हा येशील असे विचारताच ती म्हणाली, "पट्टा पडंस्तोवर न्हाई जमायचं सायब. आन् पट्टा पडला की आमी गावाकडं." पट्टा पडणे म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणे.

वर्गात शिकवलेल्या कोणत्याही कोष्टकात हिचे उत्तर नव्हते. मी कडेची सगळी कीड निपटून काढली. तळाशी मज्जेच्या अगदी लगत असलेला मऊसर थर मात्र राहू दिला, कारण कडा सर्व बाजूंनी घट्ट बंद झाल्या की आत कोंडलेली कीड उपासमारीने थबकते आणि मज्जा तिच्याखाली नवे दंतिन रचू लागते, हे आता सर्वमान्य झालेले ज्ञान आहे. तो थर हट्टाने खरवडला असता तर मज्जा उघडी पडून रूट कॅनॉलच्या अनेक खेपा लागल्या असत्या, आणि त्या तिच्याने होणाऱ्या नव्हत्या. वर घट्ट प्रतीचे ग्लास आयोनोमर भरले. हे झिजेल, एखादा कोपरा उडेल, पण कीड आत जाणार नाही, आणि पुढच्या हंगामाला आलीस की आधी माझ्याकडे ये, असे तिला आणि तिच्या नवऱ्याला निक्षून सांगितले. मुकादमाचा फोन नंबर कार्डावर लिहून घेतला.

पुढच्या हंगामात ती आली, कडेवर मूल घेऊन. सिमेंटचा वरचा भाग झिजला होता आणि दोन दाढांमध्ये अन्न अडकत होते. परंतु गार पाण्याची झणक गेली होती, क्ष-किरणाच्या चित्रात मुळाशी दोष नव्हता. हिरडी मात्र आता बरीच निरोगी दिसत होती. गावाकडे असताना तिथल्या आशा स्वयंसेविकेने दिलेल्या ब्रशने दात घासले, असे तिने अभिमानाने सांगितले. मूल अंगावर पीत असल्यामुळे चांदी याही वेळी बादच होती. पण आता पडदा चढत होता. तळाचे सिमेंट तसेच ठेवून त्याच्या वरचा भाग मी पुरेसा उतरवला आणि त्यावर कंपोझिटचे थर देऊन भिंत पुन्हा उभी केली. खाली रसायनाने बांधलेले सिमेंट आणि वर दाब सोसणारे पांढरे, अशी ही जोडरचना आमच्या शास्त्रात मान्य आहे. दोन हंगाम मिळून तिची दाढ वाचली. एकाच बैठकीत सर्व काही उरकण्याच्या हव्यासाने पहिल्याच दिवशी कोणत्याही एका पदार्थावर काम संपवले असते, तर हे झाले नसते.

अशा प्रकरणांमुळे मी तरुण सहकाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो: कोणताही भराव कायमचा नसतो. तो बदलावा लागतो, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी पोकळीची कड थोडी तरी मागे सरते. विशीत भरलेली दाढ साठीपर्यंत तीनचारदा उकरली गेली, तर शेवटी भरण्याजोगे काही उरत नाही. म्हणून आजचा भराव निवडताना पुढच्या भरावासाठी दात शिल्लक राहील की नाही, याचा हिशेब आजच मांडावा लागतो. लहान पोकळीसाठी मी पांढरे सुचवतो ते दिसण्यासाठी नव्हे, त्यात दात कमी खर्ची पडतो म्हणून. भिंती जर फारच पातळ उरल्या असतील, तर काहीही भरू नये, त्या भिंती झाकणारी कॅप अथवा ओतीव आच्छादन बसवावे. पैलवानांच्या बाबतीत, जोर काढताना दात आवळण्याची त्यांना सवय असते म्हणून, मी हा निर्णय थोडा लवकर घेतो. खर्चाचा विचारही मी निवडीतच धरतो, आणि तो खुर्चीत बसलेल्या माणसासमोर उघड बोलतो. पैशाची अडचण असलेल्याला कमी प्रतीचा भराव मुकाट्याने भरून देणे हे मला सर्वथा अनुचित वाटते. सिमेंटने एक वर्ष निभावू, दरम्यान तजवीज करा, असे म्हटले तर माणसे ते नीट ध्यानात ठेवतात.

हल्ली एक नवीनच मागणी वाढली आहे, ती जुनी चांदी काढून पांढरे भरून देण्याची. महिन्यापूर्वी एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांच्या परदेशस्थ लेकीने पाऱ्याविषयी काहीबाही वाचून, आई, ते सगळे काढून टाक, असे कळवले होते. त्यांच्या खालच्या दाढांत चार चांदीचे भराव होते, त्यांतले दोन माझ्या हातचे आणि दोन माझ्याही आधीचे. मी एकेकाची कड अणकुचीदार हत्याराने तपासली, चित्रे काढली. तीन भराव अगदी शाबूत होते. काळवंडलेले, पण कडेला फट नाही, खाली कीड नाही. चांदी तोंडात बसून असताना जेवढी वाफ देते त्याहून पुष्कळ अधिक ती यंत्राने कापून काढताना देते, शिवाय तिच्याभोवतीचा निरोगी दातही त्यात जातो, हे मी त्यांना समजावून सांगितले, आणि लेकीशीही फोनवर बोललो. चौथ्या भरावाशेजारच्या भिंतीला मात्र केसाएवढी चीर गेली होती. तो भराव, पडदा चढवून, भरपूर पाण्याच्या फवाऱ्याखाली, मोठे मोठे तुकडे सुटतील अशा बेताने काढला. चिरलेली भिंत उतरवून तेथे कॅप बसवावयाचे ठरले आणि मापे सातव्या गल्लीतल्या प्रयोगशाळेकडे पाठवली. उरलेल्या तीन भरावांना फक्त पॉलिश केले आणि कार्डावर त्यांच्यापुढे लिहिले, "हात लावू नये, वर्षाने पाहावे."